गच्चीवरच्या सोलरचं अनुदान: अर्जापासून खात्यात पैसे येईपर्यंत

पॅनेल चढली, बिल खाली आलं, पण अनुदानाचा पत्ता नाही. अशी तक्रार आली की दोष पॅनेलमध्ये क्वचितच निघतो. कुठे वीजबिलावर अजून वडिलांचं नाव असतं, कुठे बसवलेलं पॅनेल योजनेत बसणारं नसतं, कुठे व्हेंडरने (पॅनेल विकून बसवून देणाऱ्याने) काम आधी उरकून अर्ज नंतर भरलेला असतो. गच्चीवरचं काम दोन-तीन दिवसांत होतं. अनुदान मिळणार की अडकणार, हे त्याच्या आधीच्या कागदांवर ठरतं. म्हणून या लेखात पॅनेलपेक्षा कागद जास्त आहेत.

रक्कम आधी स्पष्ट करून घेऊ. पीएम सूर्यघर मोफत वीज योजनेत घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटसाठी १८,००० रुपये मिळतात, म्हणजे जास्तीत जास्त ७८,०००. पाच किलोवॅट बसवा नाहीतर दहा, आकडा तिथेच थांबतो. ही रक्कम काम पूर्ण होऊन तपासणी झाल्यावर थेट तुमच्या बँक खात्यात येते. तोवर सगळे पैसे तुम्ही किंवा तुमच्या बँकेने घालायचे असतात. योजनेची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे, त्यामुळे नाव बदलण्यासारखी वेळखाऊ कामं पुढे ढकलू नका.

आणि हो, "आयकरातही सूट मिळेल साहेब" असं कोणी सांगितलं तर तो घसाऱ्याबद्दल (यंत्राची दरवर्षी घटणारी किंमत खर्चात धरण्याबद्दल) बोलतोय. तो धंद्यासाठी असतो, राहत्या घराच्या गच्चीसाठी नाही.

## पायरी १: वीजबिल समोर घेऊन बसा

व्हेंडरला फोन करण्याआधी शेवटचं बिल काढा आणि पुढच्या गोष्टी पेनाने खुणा करून वाचा.

नाव. अर्जदार, वीज ग्राहक आणि बँक खातेदार ही तिन्ही माणसं एकच हवीत. सर्वांत जास्त अर्ज इथेच अडकतात. घर मुलाने बांधलेलं असतं, कर्ज सुनेच्या नावावर असतं आणि मीटर मात्र दहा वर्षांपूर्वी वारलेल्या आजोबांच्या नावावर चालू असतं. बिल भरलं जातंय तोवर कोणालाच फरक पडत नाही. अनुदानाच्या वेळी पडतो.

मीटर हयात नसलेल्या व्यक्तीच्या नावावर असेल तर आधी नावात बदल करून घ्या. मृत्यूचा दाखला, वारसांची संमती आणि घराच्या मालकीचा कागद लागतो. शहरात घरपट्टीची पावती किंवा इंडेक्स टू (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा), गावात ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा. महावितरणकडे हा अर्ज ऑनलाइन करता येतो. भावाभावांत संमतीचा प्रश्न असेल तर तो सोलरच्या आधी मिटवा, कारण पुढे गच्चीच्या हक्काचा प्रश्न येणारच आहे.

नाव जिवंत माणसाचंच आहे पण लिहिण्यात फरक आहे, हेही नेहमीचं. बिलावर आडनाव आणि दोन आद्याक्षरं, आधारवर पूर्ण नाव, पासबुकावर लग्नाआधीचं नाव. बिलावरचं नाव आधारप्रमाणे दुरुस्त करून घेणं सर्वांत सोपं पडतं.

ग्राहक क्रमांक. महावितरणचा ग्राहक क्रमांक बारा अंकी असतो. घरात दोन मीटर असतील (वरचा मजला वेगळा, खालचा वेगळा) तर सोलर कोणत्या मीटरला जोडायचं ते आत्ताच ठरवा. ज्या मीटरवर वापर जास्त, त्यालाच जोडा. एकाचा क्रमांक अर्जात आणि दुसऱ्याला वायर, असं झालं की तपासणीत काम परत येतं.

वर्गवारी. बिलावर 'घरगुती' असलं पाहिजे. खाली दुकान आहे आणि मीटर व्यावसायिक आहे, तर त्या मीटरवर हे अनुदान मिळत नाही.

मंजूर भार आणि थकबाकी. मंजूर भार (वीज कंपनीने तुमच्या मीटरला मंजूर केलेली कमाल मर्यादा) एक किलोवॅट आणि सोलर तीन किलोवॅट, अशी जोडी बऱ्याच जुन्या घरांत निघते. २०२४ च्या सुधारित नियमांप्रमाणे १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक व्यवहार्यतेची वेगळी तपासणी लागत नाही आणि लागेल तेवढा भार वीज कंपनीनेच वाढवायचा आहे. तरी तो खरोखर वाढला का, हे पुढच्या बिलावर बघा. थकबाकी असेल तर आधी भरून पावती ठेवा.

> तपासा: आधार, वीजबिल आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवा. नाव तिन्हीवर अक्षर न् अक्षर जुळत असेल तरच पुढच्या पायरीकडे जा.

## पायरी २: किती किलोवॅट, हे तुम्ही ठरवा

बिलावरच्या मागील बारा महिन्यांच्या वापराची बेरीज करून बाराने भागा. महाराष्ट्रात एक किलोवॅट सोलर महिन्याला साधारण १०० ते १२० युनिट देतं. उन्हाळ्यात त्याहून जास्त, आषाढ-श्रावणात बरंच कमी. महिना सरासरी २४० युनिट असेल तर दोन ते अडीच किलोवॅट पुरतं. ३३० असेल तर तीन.

व्हेंडर जवळजवळ नेहमी तुमच्या गरजेपेक्षा एक किलोवॅट वरचं सांगतो. तीनच्या पुढचा प्रत्येक किलोवॅट पूर्ण तुमच्या खिशातून जातो, हे त्या वेळी लक्षात ठेवा. वर्षाअखेर उरलेल्या जास्तीच्या युनिटचे पैसे मिळतात, पण तुम्ही वीज विकत घेता त्या दराने नाही, बऱ्याच कमी दराने. वीज विकून पैसे मिळवायचे म्हणून मोठी यंत्रणा बसवणं घरगुती ग्राहकाला परवडत नाही.

उलट बाजूही बघा. महाराष्ट्रात घरगुती दर टप्प्यांत वाढतो: १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, त्यापुढे आणखी चढे. ज्यांचा वापर महिन्याला ७०-८० युनिटच आहे त्यांची वीज स्वस्त टप्प्यातलीच असते, त्यांना एक किलोवॅट भरपूर झालं. आणि जुने पंखे बदलायचे असतील तर ते आधी बदला. साधा छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, बीएलडीसी पंखा तीस-पस्तीस वॅटमध्ये तेवढाच वारा देतो. चार पंखे बदलून मग सरासरी काढली तर कदाचित अर्धा किलोवॅट कमी लागेल.

> सावधान: अनुदान मिळणारी नेहमीची ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जोडलेली, यंत्रणा लाइट गेली की बंद पडते, भर दुपारच्या उन्हातसुद्धा. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला तुमच्या गच्चीवरून करंट लागू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. लोडशेडिंगवरचा उपाय म्हणून सोलर घेत असाल तर बॅटरीचा खर्च वेगळा धरा. अनुदानात बॅटरी येत नाही.

## पायरी ३: गच्ची, हक्क आणि सावली

एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळी जागा लागते. स्वतःचं घर असेल तर हक्काचा प्रश्न मालकीच्या कागदाने सुटतो. एकत्र मालकीत सहहिस्सेदारांचं संमतीपत्र घ्या. फ्लॅट असेल तर वरची गच्ची सहसा सोसायटीची असते. त्याबद्दल शेवटी वेगळं लिहिलं आहे.

आता सावली. लोक मे महिन्यात दुपारी बारा वाजता गच्चीवर उभे राहतात आणि म्हणतात, कुठेच सावली नाही. डिसेंबरमध्ये सूर्य दक्षिणेकडे खाली झुकलेला असतो, तेव्हा दक्षिणेला असलेली पाण्याची टाकी, जिन्याची खोली, शेजारचा नारळ यांची सावली लांबवर पडते. पॅनेल एका माळेत जोडलेली असतात. एकावर सावली आली की पूर्ण माळेची वीज कमी होते. टाकी हलवता येत असेल तर पॅनेल बसवण्याआधी हलवा. पॅनेलचं तोंड दक्षिणेला आणि उतार साधारण १५ ते २० अंश, हे महाराष्ट्राला ठीक पडतं.

गच्ची गळत असेल तर वॉटरप्रूफिंग आधी. पॅनेलच्या खाली नंतर कोणी कामाला शिरत नाही.

## पायरी ४: अर्ज, आणि तो तुमच्या मोबाइल नंबरवरून

इथून क्रम चुकवू नका. आधी नोंदणी आणि अर्ज, मग मंजुरी, मग व्हेंडरची निवड, मग काम.

राष्ट्रीय पोर्टलचा पत्ता पीएम सूर्यघर डॉट गव्ह डॉट इन. शेवटी 'गव्ह डॉट इन' नसलेली, नावात 'सूर्य' असलेली इतर संकेतस्थळं सरकारी नाहीत. नोंदणी करताना राज्य, जिल्हा, वीज कंपनी आणि ग्राहक क्रमांक विचारला जातो. मुंबईत राहत असाल तर तुमची कंपनी बेस्ट, अदानी, टाटा पॉवर की महावितरण हे बिलावर बघूनच निवडा. गोव्यात गोवा वीज खातं.

मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचाच टाका. "तुम्ही कशाला त्रास घेता, मी भरतो" असं म्हणून बरेच व्हेंडर स्वतःचा नंबर टाकतात. मग ओटीपी त्याच्याकडे, अर्जाची स्थिती त्याच्याकडे, बँक तपशील भरणंही त्याच्याकडे. वाद झाला की स्वतःच्या अर्जात शिरायलाही तुम्हाला त्याच्या मागे फिरावं लागतं. तो शेजारी बसून फॉर्म भरायला मदत करेना का, ओटीपी तुमच्या फोनवर आला पाहिजे.

अर्ज भरताना अलीकडचं वीजबिल स्पष्ट दिसेल असं अपलोड करा. कोपरा कापलेला, अंधारातला फोटो नको. अर्ज क्रमांक लिहून ठेवा आणि मंजुरीचं पत्र डाउनलोड करा.

या आधी कोणत्याही योजनेत घरासाठी सोलर पॅनेलचं अनुदान घेतलं असेल तर तसं नमूद करा. लपवल्यास पुढे निघतंच.

> सावधान: मंजुरीआधी पॅनेल बसवू नका, ॲडव्हान्सही देऊ नका. "माल आज आहे, उद्या भाव वाढेल" ही घाई त्याची आहे, तुमची नाही.

## पायरी ५: व्हेंडर आणि कोटेशन

व्हेंडर योजनेत नोंदणीकृत हवा. पोर्टलवर तुमच्या भागातल्या व्हेंडरची यादी मिळते. ओळखीतला चांगला इलेक्ट्रिशियन असेल, पण यादीत नसेल तर त्याचं काम कितीही सुबक असो, अनुदान मिळत नाही. किमान तीन कोटेशन घ्या आणि ती लेखी घ्या. व्हॉट्सॲपवर 'तीन किलोवॅट, सगळं मिळून इतके' एवढी एक ओळ म्हणजे कोटेशन नव्हे.

कोटेशनमध्ये काय बघायचं?

पहिलं, पॅनेल डीसीआर आहे का. म्हणजे पॅनेल तर भारतात बनलेलं हवंच, त्यातले सेलही भारतात बनलेले हवेत. आयात सेल घेऊन इथे जोडलेलं पॅनेल 'मेड इन इंडिया' म्हणून विकलं जातं, पण या अनुदानात ते बसत नाही. डीसीआर पॅनेल महाग असतं आणि दोन कोटेशनमधला फरक अनेकदा एवढ्यानेच पडलेला असतो. कोटेशनवर 'डीसीआर मॉड्यूल' हे शब्द, कंपनीचं नाव आणि प्रत्येक पॅनेलची वॅट क्षमता लिहून घ्या.

दुसरं, इन्व्हर्टरची क्षमता. इथे इन्व्हर्टर म्हणजे पॅनेलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसी विजेत बदलणारं यंत्र. अनुदान पॅनेलची एकूण क्षमता आणि इन्व्हर्टरची क्षमता यांपैकी जी कमी असेल तिच्यावर मोजतात. ५४० वॅटची सहा पॅनेल म्हणजे ३.२४ किलोवॅट. इन्व्हर्टर तीनचा असेल तर हिशोब तीनवर आणि ७८,००० पूर्ण. पण ५४० ची पाचच पॅनेल बसवली तर २.७ किलोवॅट. मग अनुदान ६०,००० अधिक १८,००० चे सात दशांश, म्हणजे ७२,६००. "तीन किलोवॅटची सिस्टिम" असं तोंडी सांगून पाच पॅनेल लावण्याचा प्रकार चालतो. म्हणून गुणाकार स्वतः करा.

तिसरं, किंमत. अनुदानाचा हिशोब सरकारने पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ५०,००० आणि तिसऱ्याला ४५,००० रुपये धरून केला आहे, म्हणजे तीन किलोवॅटला १,४५,०००. बाजारात स्ट्रक्चर उंच हवं, वायर लांब जाते, ब्रँड महागडा घेतला, की आकडा यापेक्षा वर जातो. पण कोणी अडीच लाख सांगत असेल तर प्रत्येक ओळीचा खुलासा मागा. जीएसटीही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरचा दर १२ वरून ५ टक्के झाला. सोलरच्या कंत्राटात ७० टक्के किंमत वस्तूंची आणि ३० टक्के सेवेची धरतात, सेवेवर १८ टक्के लागतात. त्यामुळे एकूण कर ८.९ टक्के पडतो. १,६०,००० च्या कामावर १४,२४० रुपये. कोटेशनवर त्याहून बराच जास्त दिसला तर ते जुन्या दराने काढलेलं आहे.

चौथं, पाच वर्षांची देखभाल. योजनेत ती व्हेंडरची जबाबदारी आहे. "एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) दुसऱ्या वर्षापासून वेगळी" असं कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात असेल तर ते खोडून घ्या.

किमती बघून झाल्यावर व्हेंडरने आधी बसवलेली दोन घरं बघून या आणि त्या घरमालकांना एकच विचारा: अनुदान आलं का? किती आलं?

निवड झाली की पोर्टलवर व्हेंडर निवडा आणि करारपत्रावर सही करा. कराराचा नमुना योजनेतच दिलेला आहे. काही व्हेंडर "अनुदान वजा करून तुम्ही एवढेच द्या" म्हणतात आणि अनुदानाच्या रकमेचा कोरा किंवा पुढच्या तारखेचा चेक घेऊन ठेवतात. तसं करायचंच असेल तर रक्कम, तारीख आणि "अनुदान जमा झाल्यानंतरच वटवायचा" हे करारात लिहून घ्या. सही करून कोरा चेक देऊ नका. पैसे बँकेतूनच द्या आणि जीएसटीसह बिल अर्जदाराच्या नावाने घ्या.

कर्ज घ्यायचं असेल तर त्याचीही वेळ हीच. तीन किलोवॅटपर्यंतच्या यंत्रणेला राष्ट्रीयीकृत बँका दोन लाखांपर्यंतचं कर्ज तारणाशिवाय देतात आणि जनसमर्थ पोर्टलवरून अर्ज करता येतो. बँक अर्जाच्या मंजुरीचं पत्र आणि व्हेंडरचं कोटेशन दोन्ही मागते, म्हणून ते आधी तयार ठेवा.

## पायरी ६: काम चालू असताना गच्चीवर जा

माल उतरला की पहिलं काम: प्रत्येक पॅनेलच्या मागचं स्टिकर आणि सिरीयल नंबर यांचा फोटो काढा. एकदा पॅनेल स्ट्रक्चरवर चढून आवळलं की मागचा नंबर वाचायला मान वाकडी करून झोपावं लागतं. हे नंबर राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेच्या डीसीआर पडताळणी पोर्टलवर तपासता येतात. बिलावरचे नंबर आणि पॅनेलवरचे नंबर जुळतात का हेही त्याच वेळी बघा.

स्ट्रक्चर गॅल्व्हनाइज्ड लोखंडाचं हवं. कापलेल्या आणि वेल्डिंग केलेल्या टोकांवर नुसता चंदेरी रंग फासलेला असेल तर पहिल्या दोन पावसाळ्यांतच तिथून गंज सुरू होतो. कोकणात आणि गोव्यात खारी हवा आणि वादळ दोन्ही लक्षात घ्या. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीत पत्रे कागदासारखे उडवले. तिथे उंच, वाऱ्यावर उभ्या स्ट्रक्चरचा हट्ट नको. स्लॅबला भोक पाडून अँकर मारणार असतील तर प्रत्येक भोकाभोवती वॉटरप्रूफिंग झालेलं डोळ्यांनी बघा.

अर्थिंग तीन हवीत: पॅनेल आणि स्ट्रक्चरचं एक, इन्व्हर्टर म्हणजे एसी बाजूचं एक, आणि वीज पडण्यापासून बचाव करणाऱ्या लाइटनिंग अरेस्टरचं स्वतंत्र एक. खड्डे खणायचा कंटाळा म्हणून तिन्ही वायरी एकाच खड्ड्यात सोडतात. पहिल्या वळवाच्या गडगडाटात इन्व्हर्टर जळतो तो यामुळे. तीन खड्डे मोजा, तिन्हींचे फोटो काढा.

इन्व्हर्टर भिंतीवर सावलीत, पावसाच्या आडोशाला आणि हवा खेळेल असा असावा. तो कामाच्या वेळी तापतो. जिन्याखालच्या बंद कपाटात बसवायला देऊ नका.

> तपासा: काम संपलं की घरमालकासह पॅनेलचा, ठिकाणाची नोंद असलेला फोटो व्हेंडर काढतो. तो फोटो पोर्टलवर जातो. त्यात अर्जदारच उभा असला पाहिजे, शेजारचे काका नव्हेत.

## पायरी ७: तपासणी आणि नेट मीटर

काम पूर्ण झाल्याची माहिती व्हेंडर पोर्टलवर भरतो: पॅनेलची कंपनी, संख्या, सिरीयल नंबर, इन्व्हर्टरचा तपशील. ती भरून झाल्यावर तुमच्या लॉगिनमध्ये उघडून वाचा. एक आकडा इकडचा तिकडे झाला तरी पुढे तो दुरुस्त करायला आठवडे जातात.

मग नेट मीटर. हा मीटर येणारी आणि जाणारी वीज वेगवेगळी मोजतो. वीज कंपनीबरोबर नेट मीटरिंगचा करार करावा लागतो. त्यावर ग्राहकाचीच सही हवी. मीटरची चाचणी, बसवणी यांचं काही शुल्क घेतलं जात असेल तर पावती तुमच्या नावाची मागा. पावती नाही तर पैसे नाहीत.

नेट मीटर बसेपर्यंत सोलर चालू करू नका. जुना मीटर बाहेर जाणारी वीजही 'वापर' म्हणून मोजू शकतो आणि मग सोलर लावून बिल वाढल्याचा चमत्कार घडतो. मीटर बदलताना जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग आणि नव्याचं सुरुवातीचं रीडिंग यांचा फोटो घ्या. पुढे बिलात घोळ झाला तर तोच एक पुरावा कामाला येतो.

वीज कंपनीचा अभियंता तपासणी करून कमिशनिंगचा, म्हणजे यंत्रणा रीतसर सुरू झाल्याचा, अहवाल पोर्टलवर टाकतो. तो दिसल्याशिवाय अनुदानाची मागणी करता येत नाही. मीटर बसला आणि अहवाल मात्र आलाच नाही, असं झालं तर व्हेंडरच्या मागे लागून फारसा उपयोग होत नाही. थेट उपविभाग कार्यालयात अर्ज क्रमांक घेऊन जा.

## पायरी ८: बँक तपशील भरा

यासाठी पोर्टलवर स्वतः लॉगिन करा. खातं अर्जदाराचं, चालू स्थितीतलं, राष्ट्रीयीकृत किंवा नियमित बँकेचं हवं. पतसंस्थेचं खातं देऊ नका. संयुक्त खात्यात अर्जदार पहिला खातेदार असेल तर बरं.

आयएफएससी कोड जुन्या पासबुकावरून उतरवू नका. बँकांचं विलीनीकरण झाल्यापासून देना, विजया, आंध्रा, कॉर्पोरेशन, सिंडिकेट, अलाहाबाद अशा बँकांचे जुने कोड बंद झाले आहेत. नव्या चेकबुकवरचा कोड घ्या. रद्द केलेला चेक अपलोड करताना त्यावर नाव छापलेलं असावं. नाव नसेल तर पासबुकाचं पहिलं पान.

रक्कम साधारण ३० दिवसांत येते असं पोर्टलवर म्हटलं आहे. त्यानंतरही आली नाही तर लॉगिन करून अर्जाची स्थिती बघा. 'परत पाठवला' असेल तर कारण तिथेच लिहिलेलं असतं: नाव जुळत नाही, खातं बंद, पॅनेलचा तपशील अपूर्ण. कारण वाचून दुरुस्ती करा आणि पुन्हा सादर करा. नुसती वाट बघणाऱ्यांचे अर्ज महिनोन्महिने तसेच पडून राहतात. कर्ज घेतलं असेल तर अनुदान आधी कर्जखात्यातच वळवलं गेलं नाही ना, हेही बँकेत विचारा.

> सावधान: "अनुदान मंजूर झालं आहे, प्रोसेसिंग फी भरा" असा फोन किंवा लिंक आली तर ती फसवणूक आहे. नोंदणीला फी नाही, अनुदान सोडवायलाही नाही.

## पायरी ९: पहिली तीन बिलं वाचा

आयात युनिट, निर्यात युनिट आणि पुढे ओढलेले शिल्लक युनिट, हे तीन आकडे बिलावर वेगळे दिसले पाहिजेत. निर्यातीच्या जागी शून्य आणि गच्चीवर लख्ख ऊन असेल तर मीटरचा प्रोग्राम किंवा बिलातली नोंद चुकलेली आहे. इन्व्हर्टरच्या ॲपवर दिवसाची निर्मिती दिसते. तिच्याशी ताडून बघा. बिल अगदी शून्य येणार नाही, स्थिर आकार लागतोच.

शिल्लक युनिट आर्थिक वर्षभर पुढे ओढली जातात आणि ३१ मार्चला हिशोब होतो. मार्चच्या बिलावरचा शिल्लक आकडा आणि एप्रिलमध्ये त्याचं काय झालं, हे आवर्जून बघा.

## सोसायटीत राहत असाल तर

सोसायटीला स्वतंत्र तरतूद आहे: लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्याचे दिवे, गाड्यांचं चार्जिंग अशा सामाईक वापरासाठी प्रति किलोवॅट १८,००० रुपये, प्रत्येक घरामागे तीन किलोवॅट धरून जास्तीत जास्त ५०० किलोवॅटपर्यंत. यासाठी सर्वसाधारण सभेचा ठराव, सामाईक मीटर सोसायटीच्या नावावर आणि सोसायटीचं बँक खातं लागतं. ठरावात किती किलोवॅट, खर्च कोणत्या निधीतून आणि गच्चीचा कोणता भाग, हे लिहा. 'सोलर बसवण्यास मान्यता' एवढंच लिहिलं की पुढच्या कमिटीच्या वेळी वाद होतो. बिल्डरच्या नावावर राहिलेला सामाईक मीटर ही इथली सर्वांत मोठी अडचण. नोंदणीनंतर बरीच वर्षं झाली तरी तो कोणी बदललेला नसतो, त्यामुळे सभेची नोटीस काढण्याआधी पंपाच्या आणि लिफ्टच्या बिलावरचं नाव वाचून घ्या.

## फाइलमध्ये काय ठेवायचं

मंजुरीपत्र, व्हेंडरबरोबरचा करार, जीएसटी बिल, पॅनेलच्या सिरीयल नंबरांचे फोटो, पॅनेल आणि इन्व्हर्टरची वॉरंटी कार्डं, नेट मीटरचा करार, कमिशनिंग अहवाल, दोन्ही मीटरच्या रीडिंगचे फोटो आणि अनुदान जमा झाल्याची बँकेतली नोंद. पॅनेलच्या कामगिरीची हमी सहसा २५ वर्षांची असते, इन्व्हर्टरची त्यापेक्षा बरीच कमी. व्हेंडरने धंदा बंद केला तरी कंपनीकडे दावा करता यावा म्हणून वॉरंटी कार्डावर व्हेंडरचा नव्हे, तुमचा पत्ता आहे ना, हे बघूनच फाइलला लावा.